शुक्रवारचं घर

मार्च लागला की आमच्या गल्लीचा आवाज बसतो. वरच्या मजल्यावरचा टीव्ही हळू होतो, खाली खेळणाऱ्या पोरांना कोणाची तरी आई "हळू रे, दहावी आहे घरात!" म्हणून दटावते. सकाळी दहाच्या सुमाराला वारज्याच्या रस्त्यावरून पॅड आणि पाण्याची बाटली घेतलेली मुलं दोन-दोन, तीन-तीन करत जातात. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या आयांकडे मी बघत राहते. पेपर मुलांचा असतो, घाम यांना फुटलेला असतो.

मी ती परीक्षा दिलेली नाही. आमचं गाव भंडाऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. तिथे परीक्षा आणि मोह एकाच महिन्यात येतात. उजाडायच्या आत झाडाखाली जायचं, दव पडलेल्या पाचोळ्यावरून ती रसरशीत पिवळट फुलं वेचायची, टोपली भरली की घरी येऊन शाळेला पळायचं. नववीच्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले आणि माझं पळायचं राहून गेलं. कोणी शाळा सोड म्हणालं नाही. एक दिवस गेले नाही, मग दोन दिवस, मग शाळेची वाटच लांब वाटायला लागली. अजूनही मार्चमध्ये मला स्वप्न पडतं की पेपर हातात आहे आणि मी काहीच वाचलेलं नाही. जागी झाले तरी छातीतली धडधड लवकर जात नाही. माझा स्वभावच तसा झालाय. काही चांगलं चाललेलं असलं की ते आता जाणार, हे आधी वाटतं.

पुण्यातला एक मार्चही मला असाच लख्ख आठवतो. तेव्हा मी बिबवेवाडीत एका खोलीत तिघींबरोबर राहायचे आणि धायरीला बॅगा शिवायच्या कारखान्यात जायचे. मोठ्या कंपन्या नव्या माणसांना पहिल्या दिवशी पाठीवरची बॅग देतात ना, त्या बॅगा. वर कंपनीचं नाव, आत लॅपटॉपचा कप्पा. माझ्याकडे पट्टे लावायचं काम होतं. त्या वर्षी कंपन्यांनी माणसं घेणं थांबवलं. माणूस नाही तर बॅग कोणाला देणार? आधी ओव्हरटाइम गेला, मग एक पाळी गेली, आणि फेब्रुवारी संपता संपता मालकांनी आम्हाला चहा पाजला. चहा पाजला तेव्हाच आम्ही समजलो. मालक वाईट नव्हते. त्यांच्याच्याने बोलवेना, म्हणून सारखे "बिस्कीट घ्या, बिस्कीट घ्या" म्हणत राहिले.

खोलीतल्या दोघी गावाला गेल्या. मी गेले नाही. घरी पैसे जायचे ते माझेच. मी परत गेले असते तर पुन्हा निघाले नसते, हे मला ठाऊक होतं. नववीच्या वर्षी एकदा पाहिलं होतं ना, वाट कशी लांब होत जाते.

खालच्या चौकात शिंदे मामांची पिठाची गिरणी. तिथे मी एक दिवस अर्धा किलो गहू घेऊन गेले.

"अर्धा किलो?" मामा चष्म्यावरून बघत म्हणाले. "जात्याला लागेल तेवढं पीठ आत चिकटून बसंल. तुझ्या हातात काय द्यायचं, भुसा?"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. पण हसताना माझा चेहरा कसा झाला कोण जाणे, कारण मामांनी गिरणीचा पट्टा बंद केला आणि हळूच विचारलं, "धायरीचा बॅगांचा कारखाना का?"

गिरणीच्या माळ्यावर परिसर निधीचं ऑफिस होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक कपाट. आसपासच्या सोसायट्या, दुकानदार, पेन्शनवाले आजी-आजोबा यांनी मिळून काढलेला निधी. आपल्या भागातला पैसा आपल्या भागात, एवढाच नियम. कोणाची फी, कोणाचं औषध, कोणाचं घरभाडं. मामा त्याचे चिटणीस, त्यामुळे निधीच्या प्रत्येक कागदावर पिठाच्या बोटांचे ठसे असायचे.

"पण यंदा देणाऱ्यांचेच हात आखडलेत," मामा म्हणाले. "मागणारे वाढले आनि देणारे कमी झाले. म्हणून बैठकीत ठरलं, ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं वार द्यावा."

वार म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी. निधीनं तीच रीत पुन्हा काढली होती, काम गेलेल्यांसाठी. एक घर, एक वार, एक माणूस, दुपारचं जेवण.

"डबा नाही का मिळणार?" मी विचारलं. डबा असता तर दाराशी घेऊन पळता आलं असतं.

"नाही. घरात जाऊन, बसून जेवायचं. डबा काय, कुत्र्यालापण बाहेर ठेवतात."

अशी मला सात घरं मिळाली. बहुतेक घरांची नावं मी लक्षात ठेवलीच नाहीत, वारच ठेवले. त्या उन्हाळ्याची चव अजून माझ्या जिभेवर वारांनीच लागते. सोमवार म्हणजे लसणाची फोडणी. बुधवार म्हणजे दहीभात आणि भिंतीवरच्या घड्याळाची टकटक, कारण तिथले आजोबा जेवताना बोलायचे नाहीत. शनिवारी साबुदाण्याची खिचडी, रविवारी गोड काहीतरी. आम्ही भात खाणारी माणसं. पोळी खाऊन पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही, असं आई म्हणते. आणि आमटीत गूळ! पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून साखर पडली असेल. बोलले नाही. तिसऱ्या घरीही तेच, तेव्हा समजलं की इथे सगळ्यांचीच चुकून पडते.

आई फोनवर रोज विचारायची, "जेवलीस का वो? काय जेवलीस?" काम गेलं हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण जेवणाबद्दल खोटं बोलवेना, म्हणून खरं सांगायचे. काल मटकीची उसळ, आज आंबेडाळ. आई खूश. म्हणायची, "तुह्या कंपनीची कॅन्टीन लय चांगली दिसते. रोज नवं करून रायले!"

मंगळवारच्या घरी नवरा-बायको दोघेही संगणकाच्या कंपनीत. म्हणजे बायको होती, त्याचं काम गेलेलं. पोळ्या तोच लाटायचा, कोणत्याही आकाराच्या. दारामागे खुंटीला एक काळी बॅग लटकलेली होती. मी पट्टा उलटून टाका पाहिला. आमचाच. "ही बहुतेक मी शिवलीये," म्हटलं. तो पोळपाटावरून मान वर करून म्हणाला, "अरे वा! पट्टा अजून एकदम मजबूत आहे हं. नोकरी तुटली, पट्टा नाही तुटला." आम्ही दोघंही खूप हसलो. मग तो पोळी उलटायला वळला आणि बराच वेळ पाठमोराच राहिला. निधीला पैसे देणं या घरानं बंद केलं होतं, घराचा हप्ता होता. म्हणून ते मंगळवार द्यायचे. आपणच अडचणीत असलेल्या माणसाकडे जेवताना घास कसा उतरतो, ते मी तिथे शिकले. सावकाश उतरतो.

गुरुवार पानसे बाईंचा. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मला 'तुम्ही' म्हणायच्या. माझ्या आयुष्यात तोवर मला कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"अहो रंजनाताई, आमटीत मीठ नाहीये, हे तुम्ही सांगणार आहात की मीच ओळखायचं?"

"बरी आहे की बाई."

"बरी नाहीये. उपकाराखाली दबून आमटीला बरी म्हणू नका. आमटी बिघडते ती बिघडतेच, वर तिला वाटतं आपण चांगल्या आहोत."

ताट उचलून मोरीकडे निघाले की त्या मागून ओरडायच्या, "ते तिथेच ठेवा. पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या वागा. मला पंचाईतीत टाकू नका."

हे ताटाचं माझ्यासाठी फार मोठं होतं. फुकट खायचं म्हणजे माझा जीव कानकोंडा होई. काहीतरी हातानं फेडलं की घास पचेल असं वाटायचं. आणि मला दुसरं येतं काय? म्हणून ज्या घरी चालेल त्या घरी मी जेवण झालं की भांड्यांना बसायचे. माझ्या ताटाबरोबर सगळी. कढया, कुकर, सकाळचं चहाचं पातेलं. बाकी घरी नको-नको म्हणायचे. शुक्रवारी चालायचं.

शुक्रवारच्या काकूंच्या यजमानांचा लग्नपत्रिका छापायचा धंदा होता. लोक आता मोबाइलवरच आमंत्रण पाठवतात. त्यात त्या वर्षी लग्नंसुद्धा लोकांनी आटोपशीर केली. काकू मनानं चांगल्या. मला वाढताना "अगं घे गं, लाजतेस काय" म्हणत हात धरून भात घालायच्या, तूपही सढळ. मी भांडी घासायला बसले की पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं राहू दे, मावशी येईल." दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "किती लख्ख घासतेस गं!" तिसऱ्या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत. चौथ्या शुक्रवारी मी गेले तेव्हा सकाळची भांडीही मोरीत ठेवलेली होती. मला बरंच वाटलं. वाटलं, आपली गरज आहे म्हणजे आपला वार टिकेल.

त्याच दिवशी जिन्यात एक बाई उभी होती. पन्नाशीची, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी. शेजारच्या इमारतीतलं काम संपवून माझ्यासाठीच थांबली होती.

"तूच का ती शुक्रवारची?"

"हो."

"भांडी चांगली घासतीस म्हनं."

मला वाटलं, कौतुक करतायत. मी हसले. आठवलं की आजही लाज वाटते त्या हसण्याची.

"मग घास की. बाकीच्या वारीपन ये. म्हंजी माझं एवढंबी जाईल." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट. "काकू म्हनल्या, शुक्रवारी येऊ नको हिरा, शुक्रवारचा पगार धरायचा न्हाई. ह्या साली दोन घरं आधीच सुटलीत. पोरगी जूनपासनं धाव्वीला हाय माझी."

"मावशी, मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं."

"तुला कशाला सांगत्याल? तू फुकट हायेस."

पिशवी सावरत ती उतरून गेली. मी जिन्यातच बसले. बाहेर कुठल्याशा शाळेची घंटा झाली आणि पेपर सुटलेल्या मुलांचा एकदम गलका उठला.

मी उपकार फेडत होते ना? मग ते कुणाच्या पदरातून फेडत होते, हे मला चार शुक्रवार दिसलं कसं नाही? रागही आला, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. काकूंवर ठेवावा, तर त्यांच्या घरचं तूप माझ्या जिभेवर अजून होतं. आणि त्यांच्या पत्रिका खरंच खपत नव्हत्या. वाईट दिवसांत असंच होत असावं. वरची बाई हात थोडा आखडते, तिला तो थोडाच वाटतो, पण जिन्यावरून उतरत उतरत तळाशी पोचेपर्यंत तो एखादीचा अख्खा दिवस झालेला असतो. त्या जिन्यात मी मावशीच्याही वरच्या पायरीवर होते, हे त्या दिवशी कळलं. मी तर स्वतःला अगदी खालची समजत होते.

तो आठवडा घास उतरले नाहीत. गुरुवारी पानसे बाईंनी ताटाकडे पाहिलं.

"आज मीठ बरोबर आहे. मग काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी आमटीचं पातेलं झाकलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारच्या बाईंना सरळ सांगा."

"त्यांना राग आला तर? वार जाईल माझा."

"जाईल की. जाण्याची शक्यता बरीच आहे." बाईंनी माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली. "मी खोटा धीर देत नाही. तो फार स्वस्त मिळतो."

आजही मी कोणाशी बोलायला घाबरले की मला तो शुक्रवार आठवतो. काकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीतून ऊन आत आलेलं, ओट्यावर कैऱ्या किसून ठेवलेल्या, त्यांचा आंबट वास. मी जेवायला बसलेच नाही. उभ्यानं बोलले. मोहाच्या झाडाखाली साप दिसला की आवाज जसा आत जायचा, तसा गेला होता.

"काकू, मी आजपासून भांडी नाही घासणार. हिरा मावशींचा शुक्रवार त्यांना द्या."

काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. आधी त्या चिडल्या. "म्हणजे तिनं तुझ्याकडे माझी तक्रार केली?" मग खुर्चीवर बसल्या, आणि चेहरा एकदम उतरला. "अगं, मी काय हौसेनं केलं का? निधीत नाव दिलं तेव्हा वाटलं, एका ताटाचं काय मोठं. पण इथे काका दुकानातून हात हलवत येतात. कुठून तरी काढायलाच हवं ना? तू घासायचीस, वाटलं, तेवढंच." हातातला डाव खाली ठेवून म्हणाल्या, "मला दोन्ही नाही गं जमत. तुझं ताट आणि तिचा दिवस."

मला तेव्हा फक्त भूक लागलेली आठवते. समोर वरणभात वाढलेला होता.

"मग तिचा दिवस ठेवा, काकू," मी म्हटलं.

मी निघाले, तर काकू दारापर्यंत आल्या आणि "आजचं तरी जेवून जा गं," म्हणाल्या. मी जेवले. पहिल्यांदाच त्या घरी मी ताट तसंच ठेवून उठले. हात धुतले आणि चपला घातल्या. इतकं अवघड मला काही गेलेलं नाही.

पुढचा शुक्रवार रिकामा गेला. फुटाणे खाल्ले, पाणी प्यायले, खोलीत पडून राहिले. फोनवर आई म्हणाली, "आज काय होतं?" म्हटलं, "आज उपास." आई म्हणाली, "पुण्यात राहून देवभोळी झालीस काय!"

पुढे मे महिन्यात मला वारज्याला शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं, तेच अजून करते. आता माझ्या घरी चुलीऐवजी गॅस आहे, दारावर माझं नाव आहे, आणि निधीच्या कागदावर बुधवार माझा आहे. यंदाही दिवस वाईट आहेत म्हणतात. यवतमाळकडची एक मुलगी येते, तिचीही कंपनी बंद पडलीय. ती फार घाईघाईनं जेवते, घाबरल्यासारखी. तिला मी काही सांगत नाही. कोणी सांगून ते घाबरणं जात नाही. आमटीत गूळ मात्र घालत नाही.

तो रिकामा शुक्रवार गेल्यावर चार दिवसांनी शिंदे मामांनी गिरणीतून हाक मारली. "शुक्रवार भरला तुझा. नवीन घर आहे. हा पत्ता." कागदावर पिठाचा अंगठा. कोण आहेत विचारलं, तर म्हणाले, "जा की, कळंल. मी गिरणीवाला आहे, पोस्टमन नाही."

घर बिबवेवाडीच्या अप्पर वस्तीच्याही वर, टेकडीकडे चढत जाणाऱ्या गल्लीत होतं. ऊन डोक्यावर आलेलं, पत्रे तापून वास येत होता. विचारत विचारत पोचले. दार उघडंच होतं. आत एक मुलगी भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर घेऊन डोळे मिटून पाठ करत होती. आणि चुलीपाशी पाठमोरी हिरा मावशी.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत ये. दारात उभं ऱ्हाऊन ऊन खाऊ नगं," ती न वळता म्हणाली.

"मावशी, तुम्ही कशाला..."

"का? निधी काय बंगलेवाल्यांचाच हाय? मामाला म्हनलं, पैसं न्हाईत माझ्यापाशी, वार लिव्ह." मग ती वळली. "शुक्रवारी सकाळी काम करून येती मी आता. काकू जाऊ देत्यात येळेवर. बस."

वांग्याचं कालवण होतं, भाकरी होती, आणि मोठ्या पातेल्यात भात. "तिकडची मानसं भातच खात्यात म्हनं. खरं का?" मी मान हलवली. कालवण तिखट होतं, गुळाचा मागमूस नव्हता, ते एक बरं झालं. डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं. मुलगी मधेच थांबून विचारायची, "आई, विचार ना प्रश्न," आणि मावशी पुस्तक उलटं धरून म्हणायची, "सांग, पयला कोन?" मग तिघी हसायचो.

जेवण झालं. आता मी शहाणी झाले होते. ताट जागच्या जागी ठेवलं, हात बाहेर धुतले, पदराला पुसले आणि निरोप घ्यायला उभी राहिले.

मावशी माझ्याकडे बघतच राहिली.

"आनि ह्ये कोन उचलनार? हितं काय भांडीवाली येती व्हय?"

मुलगी पुस्तकात तोंड घालून खुदकन हसली. मी ताट उचललं. मावशीनं स्वतःचं ताट त्यावर ठेवलं, मग भाताचं पातेलं, मग तवा. दारातल्या नळाशी मी बसले. ती उंबऱ्यावर आली, सावलीत टेकली, दोन्ही पाय लांब पसरले आणि दुसरी कोणी आपलं ताट घासतेय ते बघत राहिली.

"सावकाश घास, पोरी," ती म्हणाली. "मला जरा बसू दे."